मुंढा वर घ्या, हात मोकळा होईल

शिवणकाम करणाऱ्यांमध्ये एक समज फार खोलवर रुजलेला आहे. हात वर करताना कपडा काखेत ओढतो, म्हणजे मुंढा, बाही जोडायचं भोक, लहान पडला. तो थोडा खोल कापला की झालं! उपाय लगेच पटतो. भोक मोठं केलं की हात सुटा व्हायलाच हवा, असं कोणालाही वाटेल. पण मुंढा खोल करून बाही पुन्हा जोडली की ओढ वाढलेली असते. मग मुंढा आणखी खोल होतो, ओढ आणखी वाढते, आणि शेवटी सगळं खापर शरीरावर फुटतं: दंड जाड आहे, खांदे उतरते आहेत, बांधाच बेढब आहे. शरीराचा इथे काहीही दोष नसतो. मुंढ्याचं गणितच उलटं आहे, आणि ते समजून घ्यायला शाळेतला पायथागोरस पुरतो.

एक पेन घ्या. हात खाली सोडला की काखेत जिथे घडी पडते, तो सगळ्यात वरचा बिंदू शोधा. तिथून बरगड्यांवर ३ सेमी खाली एक ठिपका काढा. दुसरा ठिपका दंडाच्या आतल्या बाजूला, काखेपासून ३ सेमीवरच. हात खाली असताना हे दोन ठिपके एकमेकांना टेकतात. आता हात बाजूला आडवा करा. काखेत काटकोन झाला, त्याच्या दोन्ही बाजू ३ सेमी, म्हणून ठिपक्यांमधलं अंतर सुमारे ४.२ सेमी. हात सरळ डोक्यावर नेला की दोन्ही बाजू एका रेषेत येतात आणि अंतर ६ सेमी होतं. त्वचा थोडी फार ताणते, पण हिशोब ढोबळमानाने हाच.

काखेपासून ३ सेमी खाली उतरलेला मुंढा म्हणजे हे दोन ठिपके कापडात एकमेकांना शिवून टाकणं. मुंढा खाली गेला तशी कुशीची शिवण ३ सेमीने कमी झाली. बाही त्या मुंढ्याला जुळावी म्हणून तिचा वरचा गोल, मुंढ्याला जोडायची वळणदार कड, उंच केला, की बाहीची आतली शिवणही ३ सेमीने कमी झाली. शरीरावर कमरेपासून काखेतून मनगटापर्यंतचं अंतर मात्र होतं तेवढंच राहिलं. हात वर गेला की त्याला ६ सेमी कापड जास्त लागतं, आणि ते कुठून तरी यावंच लागतं. मग शर्ट कमरेपासून वर सरकतो, कफ मनगटावरून मागे जातो, खांद्यावर कापडाचा फुगा उभा राहतो. मुंढ्याचा तळ काखेच्या जवळ असेल तर ठिपकेही काखेजवळ, आणि हात कुठेही नेला तरी ते फारसे लांब जात नाहीत. बॉलरूम नृत्याच्या कोटांचे मुंढे मुद्दाम उंच आणि लहान कापतात ते यासाठीच. नर्तकाचे दोन्ही हात खांद्याच्या पातळीवर असतात, तरी कोटाची कॉलर मानेला चिकटून राहते.

काखेत चौकोनी तुकडा लावण्याची जुनी युक्तीही हाच हिशोब फेडते. तुकडा कोनावर उभा केला की त्याचा एक कर्ण कुशीकडून दंडाकडे जातो, आणि जेवढं कापड कमी पडत होतं तेवढं तिथे मिळतं. आपल्या ६ सेमींसाठी सव्वाचार सेमी बाजूचा चौकोन पुरतो, शिवणीची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, वेगळी. जपानी स्त्रियांच्या किमोनोत तर काखेखालची शिवण उघडीच ठेवलेली असते.

हे झालं मुंढ्याच्या तळाचं. मला खरा मोह आहे तो बाहीच्या वरच्या गोलाचा. सपाट कापडावर बाही आखताना वरची कड घंटेसारखी वळते: मध्ये उंच, दोन्ही बाजूंना उतरत, शेवटी उलट वळण घेऊन काखेशी संपणारी. हा आकार येतो कुठून? मेणबत्तीभोवती कागद गुंडाळा आणि धारदार सुरीने कागदासकट ती तिरकी कापा. कागद उलगडला की कापलेली कड सुरेख लाट झालेली दिसते. ही साइन वक्ररेषा. नळकांडं तिरकं कापलं की छेद लंबवर्तुळाकार होतो, आणि नळकांडं उलगडलं की त्याच छेदाची साइन लाट होते. बाही म्हणजे दंडाभोवतीचं नळकांडं, आणि मुंढा म्हणजे त्याचा तिरका छेद. माणसाचा खांदा इतका नियमित नसतो, म्हणून प्रत्यक्षातला गोल पुढे जरा जास्त खोलगट आणि मागे जरा जास्त भरीव असतो, पण त्याचा गाभा हीच लाट आहे.

या लाटेची उंची, म्हणजे बाहीच्या गोलाची उंची, एका साध्या सूत्रात बसते: बाहीचा व्यास गुणिले कोनाचा टॅन. बाही आडव्या रेषेच्या किती खाली झुकली आहे, तो हा कोन. बाहीचा घेर ३४.५ सेमी असेल तर व्यास साधारण ११ सेमी. बाही ३० अंश झुकलेली हवी असेल तर गोलाची उंची सव्वासहा सेमीच्या आसपास, ४५ अंशांना ११ सेमी, ५४ अंशांना १५ सेमी. कोन शून्य असेल तर उंचीही शून्य: इंग्रजी टी अक्षरासारखा, हात सरळ आडवे पसरलेला कपडा. गोलाची उंची हा केवळ मापाचा आकडा नव्हे. हात कोणत्या स्थितीत असताना बाही बिनसुरकुतीची दिसेल, हे ती ठरवते. उंच गोलाची बाही हात खाली असताना देखणी पडते आणि हात उचलला की ओढते. कमी उंचीची बाही उचललेल्या हाताला साथ देते, पण हात खाली आला की काखेत घड्या घालते. दोन्ही स्थितींत निर्दोष बसणारी बाही ताण न घेणाऱ्या कापडातून निघत नाही.

आता मुंढ्याचा परीघ यात आणू. बाहीच्या गोलाची कड मुंढ्याच्या कडेला जुळली पाहिजे. अर्धा मुंढा हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण, बाहीची अर्धी रुंदी हा पाया आणि गोलाची उंची ही तिसरी बाजू, असं धरा. वक्ररेषा सरळ मानलेला हा ढोबळ त्रिकोण आहे, पण फार काही सांगून जातो. बाहीचा घेर ३४.५ सेमीच ठेवला आणि मुंढा ४० सेमीचा असला तर गोल सुमारे १० सेमी उंच होतो. मुंढा ४४ सेमी केला तर साडेतेरा, ४८ केला तर साडेसोळाच्या पुढे. टॅनच्या सूत्रात हे आकडे घातले की बाहीचा कोन अनुक्रमे ४३, ५१ आणि ५७ अंशांच्या आसपास येतो. मुंढा वाढवत गेलो तशी बाही जास्त जास्त खाली वळत गेली. म्हणजे खोल मुंढा दोनदा दंड वसूल करतो: काखेतलं कापड कमी करतो आणि वर बाहीची दिशाही जमिनीकडे वळवतो. यातून सुटायचं तर बाही रुंद करावी लागते, आणि मग झोळ पत्करावा लागतो. सैल अंगरख्यांना ते शोभतं, बेतशीर कपड्याला नाही.

मग मुंढ्याची खोली ठरवायची कशी? छातीच्या मापाला चाराने किंवा सहाने भागण्याची सूत्रं सर्रास वापरली जातात. मधल्या बांध्याला ती जमून जातात. पण छाती १० सेमीने वाढली म्हणून काख त्या हिशोबात खाली उतरत नाही. हाडांचा सांगाडा तोच असतो. भरलेल्या अंगाच्या माणसांना मुंढा हमखास खोल मिळतो तो या भागाकारामुळे. फोनवर दोन फोटो काढा आणि अचूक पॅटर्न मिळवा, अशा जाहिरातींनाही मी भुलणार नाही. स्थिर उभ्या माणसाचा फोटो हात हलल्यावर कापड कुठे कमी पडेल ते सांगत नाही. त्यापेक्षा काखेत एक पट्टी आडवी धरा आणि मानेमागच्या वर आलेल्या मणक्यापासून त्या पातळीपर्यंत पाठीवर उभं माप घ्या. बेतशीर कपड्याचा मुंढा या पातळीच्या दोनेक सेमी खाली ठेवला की बहुधा पुरतो.

उंच मुंढा काचतो, ही तक्रार खरी असते, पण काचण्याची जागा नीट पाहा. ती बहुतेकदा तळाशी नसून पुढच्या बाजूला, छाती आणि दंड जिथे मिळतात त्या घडीत असते. तिथे पुढची गोलाई अर्धा सेमी आत कोरली तरी काचणं थांबतं. तळाला हात लावायचं कारण नाही. पाठीकडे उलट कापड लागतं, कारण हात पुढे जाताना खांद्याचं पातं फासळ्यांवरून सरकतं. हात १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून आणि ६० अंश पात्याच्या फिरण्यातून येतात.

एक कोडं उरतं. खांद्याचं टोक चेंडूसारखं दोन्ही दिशांनी गोल आहे, आणि कापड सपाट. सपाट पत्रा न ताणता चेंडूवर बसू शकत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये दाखवलं. कापड बसतं, कारण ते पत्रा नाही, जाळी आहे. ताणा आणि बाणा यांचे, म्हणजे उभे आणि आडवे धागे आपली लांबी जवळपास बदलत नाहीत, पण त्यांच्यातला काटकोन मोडून तिरका होऊ शकतो. रशियन गणितज्ञ पाफनुती चेबिशेव्ह यांनी १८७८ मध्ये पॅरिसमध्ये कपड्यांच्या कापावर व्याख्यान दिलं ते याच कल्पनेवर, आणि अशा जाळ्यांना आजही त्यांचं नाव आहे. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा थोडा लांब कापून जादाचं कापड शिवणीत जिरवतात, ते या जाळीच्या भरवशावर. गोलाच्या अगदी शिखरावर कड बाण्याच्या दिशेने जाते आणि तिथे कापड सहज जिरत नाही, चुण्या पडतात. शिखराच्या पुढे-मागे कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, होते, धागे तिरके सरकतात आणि कापड मुकाट जिरतं. लोकरीत ३-४ सेमी जिरवता येतात. घट्ट विणीच्या सुती कापडात तेवढे घातले तर फुगा बाहीच तयार होते.

पक्की शिलाई मारण्याआधी बाही कच्च्या दोऱ्याने जोडून अंगावर घाला, हात सैल सोडा आणि आरशात बाजूने पाहा. बाहीवर तिरप्या सळा पडत असतील तर माप बदलू नका. दोरा उसवा, शिखराची खूण खांद्याच्या शिवणीपासून अर्धा सेमी पुढे सरकवून पाहा, मग तितकीच मागे. प्रत्येकाचा हात जरा वेगळ्या कोनात लोंबतो. बाहीचं नळकांडं त्या कोनाशी जुळलं की सळा जातात, आणि त्या जागी कापडावर खडूने नवी खूण करून ठेवा. डाव्या आणि उजव्या हाताची खूण एकाच ठिकाणी येईल असं नाही.