नव्या कौन्सिलची पहिली निवडणूक : मत कुणाला देता येतं, उभं कुणाला राहता येतं आणि अर्ज कुठे अडतो

निवडणूक जवळ आली की इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "अजून पीआर (कायम राहण्याची परवानगी) झालं नाही, मत देता येईल का?" येईल. चार दिवसांनी त्याच माणसाचा पुन्हा फोन येतो, "मग उभंही राहता येईल ना?" नाही. एकाच मतदार यादीतला माणूस मत द्यायला चालतो आणि उमेदवार म्हणून चालत नाही, हे लोकांना पटत नाही. त्यात कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक स्वराज्य संस्था, नवीन असेल तर वॉर्ड, मतदार क्रमांक, अर्ज द्यायचं ऑफिस असं सगळंच हललेलं असतं आणि गोंधळ दुप्पट होतो. गेल्या काही वर्षांत बऱ्याच जणांचे अर्ज भरताना शेजारी बसलो आहे, म्हणून हे लिहून ठेवतो.

उदाहरण म्हणून वेस्ट सफोक घेऊ. फॉरेस्ट हीथ आणि सेंट एडमंड्सबरी ही दोन जुनी डिस्ट्रिक्ट कौन्सिल मोडून १ एप्रिल २०१९ रोजी हे नवं डिस्ट्रिक्ट कौन्सिल अस्तित्वात आलं आणि २ मे २०१९ रोजी त्याची पहिली निवडणूक झाली. जुन्या दोन्हींचे मिळून ७२ सदस्य होते (२७ आणि ४५), नव्याचे ६४. म्हणजे आठ खुर्च्या थेट कमी झाल्या आणि वॉर्डही नव्याने आखले गेले. हा प्रकार इथेच संपलेला नाही. सरी काउंटीत ईस्ट सरी आणि वेस्ट सरी अशी दोन नवी कौन्सिल करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाला, आणि जिथे काउंटी वर व डिस्ट्रिक्ट खाली अशी दोन मजली व्यवस्था उरली आहे तिथेही ती मोडण्याच्या हालचाली आहेत. तेव्हा आज ना उद्या तुमच्या गावाची पाळी येऊ शकते.

मतदानाचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. भारतीय पासपोर्ट म्हणजे कॉमनवेल्थ नागरिकत्व. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा, डिपेंडंट व्हिसा, कुठलाही वैध व्हिसा असला आणि वय १८ असलं की स्थानिक निवडणुकीत मत देता येतं. नावनोंदणी ऑनलाइन होते, एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर लागतो, पाच मिनिटांचं काम. मुदत मतदानाच्या १२ कामकाजाचे दिवस आधी मध्यरात्रीपर्यंत. जुन्या कौन्सिलच्या यादीत नाव असेल तर नव्यासाठी पुन्हा नोंदवायची गरज नाही. घर बदललं असेल तर मात्र आहे. ओसीआय कार्डाचा (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) इथे काहीही संबंध नाही, बघतात ते नागरिकत्व. अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय असलेल्या आपल्या भाच्याला मत नाही. वेस्ट सफोकमध्ये ही गंमत जवळून दिसते. लेकनहीथ आणि मिल्डनहॉलच्या हवाई तळांवर राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांना तिथे मत नाही, पण बरी सेंट एडमंड्सच्या हॉस्पिटलमध्ये वर्षभरापूर्वी केरळहून आलेल्या नर्सला आहे.

आता उभं राहण्याचं. भारतीय नागरिकाला उमेदवार व्हायचं असेल तर आयएलआर, म्हणजे आपण ज्याला पीआर म्हणतो ते, हातात हवं. "अर्ज टाकलाय, पुढच्या महिन्यात येईल" हे चालत नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर प्रश्नच नाही. वयाची १८ वर्षं अर्जाच्या दिवशी पूर्ण हवीत, मतदानाच्या दिवशी होऊन उपयोग नाही.

यातली खरी गोम अशी की निवडणूक निर्णय अधिकारी तुमचा व्हिसा तपासत नाही. अर्जावर माहिती पूर्ण आहे ना, सह्या आहेत ना, एवढंच तो बघतो आणि तुम्ही लिहिलंय ते खरं मानतो. आपल्याकडे छाननीत अर्ज टिकला की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो, तसं इथे करू नका. अर्ज स्वीकारला म्हणजे पात्र ठरलो असं नाही. मतदानाच्या दिवसानंतर २१ दिवसांत कुणी निवडणूक याचिका केली तर निवड रद्द होऊ शकते, आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. व्हिसावर असलेल्या माणसाने गुन्ह्याची नोंद ओढवून घेणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. "ऑफिसातल्या बाईंनी काही म्हटलं नाही" हा बचाव होत नाही.

पात्रतेचा दुसरा भाग म्हणजे त्या भागाशी असलेलं नातं. चारांपैकी किमान एक लागतं. कौन्सिलच्या हद्दीत मतदार म्हणून नोंद असणं. आधीचे पूर्ण १२ महिने हद्दीत मालक किंवा भाडेकरू म्हणून जागा ताब्यात असणं. १२ महिने मुख्य किंवा एकमेव कामाचं ठिकाण हद्दीत असणं. किंवा १२ महिने हद्दीत राहत असणं. इथे हमखास विचारलं जातं, "कौन्सिलच महिन्याभराची, मग मी तिच्यात १२ महिने कसा राहिलो असेन?" मोजायचा तो भूभाग. न्यूमार्केटमध्ये तुम्ही तीन वर्षं राहत असाल तर ते गाव तिथेच आहे, पाटी तेवढी बदलली. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर जुनं नाव छापलेलं असलं तरी काही बिघडत नाही.

चारांपैकी जी जी लागू असतील त्या सगळ्यांवर खूण करा. घाईत लोक फक्त "मतदार आहे" एवढ्यावर थांबतात. ती एकटी खूण असेल तर सदस्यत्वाच्या पूर्ण मुदतभर त्याच हद्दीत मतदार राहावं लागतं. घरमालकाने घर विकायला काढलं, तुम्ही शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलात की सदस्यत्व गेलं. बाकीच्या तीन अटी अर्जाच्या आणि मतदानाच्या दिवशी पूर्ण असल्या की पुढे तसा धोका नाही. भाड्याने राहणाऱ्यांनी हे नीट वाचावं, आणि आपल्यातले बहुतेक भाड्यानेच राहतात. करारावर फक्त नवऱ्याचं नाव असेल तर बायकोने "भाडेकरू" ऐवजी "रहिवासी" वर खूण करावी.

अजून एक गल्लत. बऱ्याचदा त्याच दिवशी पॅरिश कौन्सिलचीही (गावपातळीच्या सगळ्यात खालच्या कौन्सिलची) निवडणूक असते, आणि पॅरिशला हद्दीपासून तीन मैलांच्या आत राहणारासुद्धा चालतो. ही सवलत डिस्ट्रिक्टला नाही. दोन्हींचे अर्ज दिसायला सख्ख्या भावांसारखे. एका काकांनी दोन्ही भरले आणि पॅरिशचा संमतीचा कागद डिस्ट्रिक्टच्या गठ्ठ्यात लावला. वेळ होती म्हणून निभावलं.

अपात्रतेत आपल्या लोकांना अडवणारी बाब नोकरीची. ज्या कौन्सिलसाठी उभे आहात तिचेच पगारी नोकर असाल तर चालत नाही. शाळेत काम करणाऱ्यांनी शाळा कौन्सिलच्या अखत्यारीतली आहे की अकॅडमी, ते आधी बघावं, कारण अकॅडमीत नोकरी ट्रस्टची असते. जुनं कौन्सिल विलीन होत असेल तर "मी जुन्याचा नोकर, नव्याचा नाही" असं स्वतःच ठरवू नका. नवं कौन्सिल स्थापन करणाऱ्या सरकारी आदेशात काय लिहिलंय ते लेखी विचारून घ्या. हॉस्पिटलची नोकरी आड येत नाही. गेल्या पाच वर्षांत तीन महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली असेल, स्थगित का असेना, तर उभं राहता येत नाही.

कागदांकडे वळू. महाराष्ट्रात स्थानिक निवडणूक जवळून पाहिलेल्याला इथलं पाहून हसू येतं. जात वैधता नाही, मालमत्तेचं शपथपत्र नाही, शौचालयाचा दाखला नाही, अनामत रक्कमही नाही. तीन कागद फक्त: उमेदवारी अर्ज, घरच्या पत्त्याचा अर्ज आणि संमतीपत्र. पक्षातर्फे उभे असाल तर पक्षाचं अधिकारपत्र, म्हणजे आपला एबी फॉर्मच म्हणा, आणि चिन्हाची विनंती. अपक्षाला कपबशी किंवा शिट्टी मिळत नाही, नावापुढे "अपक्ष" एवढं छापतात किंवा जागा कोरी ठेवतात. कागद इतके कमी म्हणून लोक निर्धास्त होतात, आणि नेमके त्यातच अडकतात.

सूचक आणि अनुमोदक. २०१९ मध्ये दहा सह्या लागायच्या, आता दोन पुरतात. पण ते दोघे त्याच वॉर्डातले मतदार हवेत, आणि वॉर्ड म्हणजे नवा वॉर्ड. समोरच्या फुटपाथवरचं घर जुन्या आखणीत तुमच्याच वॉर्डात असेल आणि नव्यात नसेल. गेली दहा वर्षं सही देणारे शेजारी यंदा चालणार नाहीत, हे लोकांना अर्ज परत आल्यावर कळतं. मतदार क्रमांकाचंही तसंच. तो मतदानाच्या २५ कामकाजाचे दिवस आधी लागू असलेल्या यादीतला हवा, सुरुवातीच्या अक्षरांसकट. मागच्या वर्षीच्या पोलिंग कार्डवरून उतरवू नका. निवडणूक कार्यालयात यादी बघायला मिळते, तिथे जाऊन बोट ठेवून बघा. आणि जितक्या जागा तितक्याच अर्जांवर एका माणसाला सही करता येते. एका जागेच्या वॉर्डात तुमच्या सूचकाने आधीच दुसऱ्याला सही दिली असेल, तर तुमच्या अर्जावरची त्याची सही बाद.

नावाचा घोळ तर खास आपला. पासपोर्टवर "गिव्हन नेम" मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, ऑफिसात लोक तिसऱ्याच नावाने ओळखतात. अर्जावर पूर्ण नाव खरं लिहा, आणि मतपत्रिकेवर रोजचं नाव हवं असेल तर "प्रचलित नाव" च्या रकान्यात ते भरा. रकाना कोरा सोडलात तर लांबलचक पूर्ण नाव छापून येतं आणि मतदार मतपत्रिकेवर तुम्हाला शोधत बसतो. मतपत्रिका आडनावाच्या क्रमाने असते, तेव्हा आडनावाच्या रकान्यात आडनावच लिहा.

घरचा पत्ता जाहीर करायचा नसेल तर तसं सांगता येतं, मग फक्त कोणत्या भागात राहता ते छापतात. संमतीपत्रावर साक्षीदाराची सही लागते, आणि ते अर्जाच्या अंतिम मुदतीच्या आधीच्या एका महिन्यातलंच असावं लागतं. उत्साहाने जानेवारीत सही करून ठेवलेलं संमतीपत्र एप्रिलमध्ये रद्दी.

मुदत हा सगळ्यात मोठा सापळा. नियम असा: मतदानाच्या १९ कामकाजाचे दिवस आधी, दुपारी चार वाजेपर्यंत. शनिवार-रविवार वगळायचे हे सगळ्यांना माहीत असतं, ईस्टर विसरतात. २०१९ चंच बघा. २ मेपासून मागे मोजताना फक्त शनिवार-रविवार सोडले तर ५ एप्रिल येतो. पण १९ एप्रिलला गुड फ्रायडे आणि २२ एप्रिलला ईस्टर मंडे होता. ते दोन वगळले की खरी मुदत ३ एप्रिल, बुधवार. दोन दिवसांचा फरक, आणि त्यावर दाद मागायची सोय नाही. स्वतः मोजूच नका. निवडणुकीच्या सूचनेत तारीख छापलेली असते, ती भिंतीवर चिकटवा. अर्ज मागे घ्यायची मुदतही तीच.

उमेदवारी अर्ज आणि पत्त्याचा अर्ज हातोहात द्यावे लागतात. ईमेल चालत नाही, पोस्ट चालत नाही. कुठे द्यायचे हेही सूचनेतच पाहा. दोन कौन्सिल एक झाली की निवडणुकीचं काम त्यातल्या एका इमारतीत चालतं, आणि लोक सवयीने दुसऱ्या इमारतीत जाऊन उभे राहतात. माझ्या ओळखीतली एक जण शेवटच्या दिवशी साडेतीनला जुन्या ऑफिसात पोचली. रिसेप्शनवरच्या मुलाने शांतपणे नव्या ऑफिसचा पोस्टकोड कागदावर लिहून दिला. पंचवीस मिनिटांचा रस्ता. तिच्या गाडीत मीच होतो, आणि तीन त्रेपन्नला काउंटरवर पोचल्यावर कळलं की पत्त्याच्या अर्जात साक्षीदाराचा पत्ताच भरलेला नाही. नशिबाने साक्षीदार मीच होतो. असं नशीब दर वेळी नसतं. मुदतीच्या चार-पाच दिवस आधी कच्चा अर्ज घेऊन जा, बरीच कार्यालयं तो आगाऊ तपासून देतात, आणि ही मंडळी एरवी कितीही कोरडी वागोत, त्या तपासणीत खरोखर मदत करतात.

सदस्यत्वाची मुदत किती वर्षांची, हेही त्या स्थापनेच्या आदेशात पाहून ठेवा. नेहमी चारच वर्षं असतात असं नाही. २०२२ मध्ये कंबरलँडच्या पहिल्या सदस्यांना पाच वर्षं मिळाली, कारण पहिलं वर्ष जुनी कौन्सिल चालू असताना पूर्वतयारीत गेलं. उलट सॉमरसेट वेस्ट अँड टॉन्टन हे डिस्ट्रिक्ट कौन्सिल १ एप्रिल २०१९ ला जन्मलं आणि १ एप्रिल २०२३ ला गेलं. त्याची पहिली निवडणूक हीच शेवटची ठरली.

मतदानाच्या दिवशी केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, मे २०२३ पासून. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेलाही, चेहरा ओळखू आला की झालं. आधार चालत नाही, ओसीआय चालत नाही, फोनमधला फोटो चालत नाही. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर न्या. काहीच नसेल तर मतदार प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्याचा अर्ज सहा कामकाजाचे दिवस आधी, संध्याकाळी पाचपर्यंत.

आणि पडलेल्या उमेदवारांसाठी: खर्चाचा हिशेब निकालापासून ३५ दिवसांत द्यावाच लागतो, एक पेनीही खर्च झाली नसेल तरी. शून्य लिहून सही करायची आणि पोच घ्यायची.