लालबुंद गुलाबाला वास का नसतो?

फेब्रुवारी आला की मावळातले गुलाब परदेशी निघाल्याच्या बातम्या येतात आणि दरवर्षी कुणीतरी मला विचारतंच, एवढा देखणा गुलाब, मग वास का नाही, औषधं मारतात म्हणून का? नाही हो. लांब सरळ दांडा, जाड पाकळी, आठवडाभर पाण्यात टिकणारं फूल, यासाठी त्या जाती निवडत आणल्यात, वासाकडे फार कुणी बघितलंच नाही. आणि म्हणूनच घरच्या कुंडीत शेणखत घाला, केळीच्या साली घाला, चहाचा चोथा घाला, झाड छान होईल पण ज्या जातीत वास नाही तिच्यात तो येणार नाही.

हे इतक्या ठामपणे सांगतोय ते २०१५ साली 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात आलेल्या एका संशोधनाच्या जोरावर. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी दोन लाल गुलाब शेजारी ठेवले, घमघमणारा पापा मेयाँ आणि जवळजवळ बिनवासाचा रूज मेयाँ, आणि पाकळीत कुठली जीन्स चालू आहेत ते पाहिलं. गुलाबाच्या वासात जिरॅनिऑल नावाच्या सुगंधी द्रव्याचा मोठा वाटा असतो (आपल्या खानदेशातल्या रोशा गवताच्या तेलातही मुख्यतः तेच, म्हणून ते तेल गुलाबासारखं वाटतं). आता गंमत बघा. पेशीत दहा कार्बनचा एक कच्चा रेणू बनतो, जिरॅनिल डायफॉस्फेट, त्याच्या शेपटीला दोन फॉस्फेट. बाकीच्या वासाच्या झाडांत टर्पीन सिंथेज नावाचं एन्झाइम ही जोडी एका झटक्यात काढतं, तेही प्लास्टिड नावाच्या वेगळ्या कप्प्यात बसून. गुलाबाने हा रस्ता धरलाच नाही. तिथे पेशीद्रवात एनयूडीएक्स-१ नावाचं एन्झाइम एकच फॉस्फेट तोडतं, उरलेला दुसरंच कुणी काढतं आणि जिरॅनिऑल मोकळं होतं. हे एन्झाइम ज्या नूडिक्स घराण्यातलं आहे त्या घराण्यातले कितीतरी जण बॅक्टेरियापासून माणसापर्यंत साफसफाईचं काम करतात, डीएनएच्या कच्च्या मालातले ऑक्सिडाइझ होऊन बिघडलेले तुकडे बाद करायचं. झाडलोट करणाऱ्या घरातलं पोर अत्तर गाळायला लागलं असं समजा! पापा मेयाँच्या पाकळीत हे जीन जोरात चालू, रूज मेयाँमध्ये जवळपास गप्प. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून गच्चीत गेलो आणि फुलाचा वास घेऊन आलो.

रंगाची गोष्ट वेगळी. लाल गुलाबात मुख्य रंगद्रव्य सायनिडिन, आणि पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी टोकदार, शंकूसारख्या, त्यामुळे प्रकाश आत अडकतो आणि मखमल दिसते. एक पाकळी गरम पाण्यात चुरगाळा, लिंबू पिळलं की पाणी लाल खुलतं, खायचा सोडा टाकला की निळसर-हिरवट होतं. ऑनलाइन 'काळ्या गुलाबाचं बी', 'निळ्या गुलाबाचं बी' विकतात ते घेऊ नका, खरा काळा गुलाब म्हणजे फार गडद लाल, आणि बियांपासून मूळ जात जशीच्या तशी येतच नाही, तिचा डोळा (फांदीवरचा अंकुर) दुसऱ्या गुलाबाच्या मुळाकडच्या भागावर, म्हणजे खुंटावर, भरावा लागतो.

मग घ्यायचा कुठला? पापा मेयाँ (१९६३), ओक्लाहोमा आणि मिस्टर लिंकन ही तिन्ही सख्खी भावंडं, क्रायस्लर इम्पीरियल आणि शार्ल मालरँ यांच्या संकरातली, तिन्ही गडद, तिन्ही सुवासिक. पापा मेयाँ सगळ्यात लाडका पण नाजूक, भुरी आणि काळे ठिपके हे बुरशीचे रोग पटकन धरतात. पहिल्यांदाच लावत असाल तर मिस्टर लिंकन घ्या, झाड उंच आणि दमदार होतं.

काळ्या ठिपक्याची बुरशी आपल्या पावसाळ्यात हमखास येते कारण तिच्या बीजाणूला रुजायला पान सात-आठ तास ओलं राहावं लागतं. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशी द्या, पानांवर नको, कुंड्यांमध्ये वारं खेळू द्या, पडलेली ठिपक्यांची पानं उचलून टाका. पानं गळाली की साखर बनत नाही, आणि फुलाचा रंग काय, वास काय, सगळं शेवटी त्या साखरेतूनच येतं. ऊन सहा तास हवं, पण एप्रिल-मेच्या दुपारी गडद पाकळ्यांच्या कडा करपतात, तेव्हा थोडी सावली करा. पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटणी.

माझं एक रोप दोन वर्षं नुसतं वाढत होतं, फूल नाही. खाली वाकून पाहिलं तर डोळा भरलेल्या जागेच्या खालून खुंटाचा फुटवा आलेला आणि वरची कलमाची काडी वाळून काळी पडलेली. असा फुटवा दिसला की लगेच मुळापासून ओढून काढा, नुसता कापला तर परत येतो.

आणि रोप घेताना पाटीवरच्या नावावर जाऊ नका. सकाळी जा, अर्धवट उमललेल्या फुलाला नाक लावा. फूलच नसेल तर नर्सरीवाल्याला विचारा छाटणी कधी केली, त्यात चाळीस-पंचेचाळीस दिवस मिळवा आणि तेव्हा परत जा.