ख्रिस्ताच्या सेवेतील सहभाग

गरजूंची काळजी वाहण्याचे जे काम येशू ख्रिस्ताने केले, त्यात त्याच्या अनुयायांनी वाटा उचलण्याची ख्रिस्ती संकल्पना आणि परंपरा. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘डायकोनिया’ असा आहे. मराठीत ‘सेवा’ हाच शब्द रुळला. चर्चमधील सेवकपदाचे ‘डीकन’ हे नाव त्याच धातूतून आले.

दानधर्म आणि ही सेवा यांत फरक केला जातो. दानात देणारा आपल्याजवळचे काही देतो. इथे काम मुळातच ख्रिस्ताचे मानले जाते आणि विश्वासणारा त्यात सामील होतो. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी प्रेषित पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा स्वतःच हलाखीत असलेल्या मासेदोनियातील मंडळ्यांनी (स्थानिक ख्रिस्ती समुदायांनी) या सेवेत आम्हालाही सहभाग द्या, अशी विनवणी केली (२ करिंथ ८:४).

योहानाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात या विचाराचे मर्म सापडते. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. हे काम एरवी चाकराचे. शिष्य पेत्र नकार देतो. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे येशू त्याला सांगतो. म्हणजे सेवा करण्याआधी ती करवून घ्यावी लागते, आणि बहुतेकांना हेच जास्त जड जाते. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात बाजू पालटते. तिथे भुकेला, परका, आजारी आणि बंदिवान यांच्या रूपात ख्रिस्तच मदत घेणारा आहे, आणि मदत करणाऱ्यांना हे ठाऊकही नसते. या उताऱ्यातील ‘कनिष्ठ बंधू’ म्हणजे सगळे गरजू की फक्त ख्रिस्ताचे शिष्य, यावर भाष्यकारांचे एकमत नाही.

या सेवेची पहिली व्यवस्था एका तक्रारीतून उभी राहिली. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती, म्हणून स्तेफन, फिलिप्प आदी सात जण नेमले गेले (प्रेषितांची कृत्ये ६). करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातील फिबी या स्त्रीलाही पौलाने ‘डायकोनोस’ म्हटले आहे. इ.स. १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. त्यात जमलेली वर्गणी मंडळीच्या प्रमुखाकडे दिली जाई, आणि तो अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे लोक यांची सोय पाही. २५१ मध्ये रोमची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा व गरजूंना पोसत होती. ख्रिस्ती धर्माचा विरोधक असलेला रोमन सम्राट ज्यूलियन यानेही चौथ्या शतकात कुरकुर केली, की हे ‘गालीली’ (ख्रिस्ती लोक) आपल्याबरोबर आमच्याही गरिबांना सांभाळतात. विरोधकाची अशी साक्ष प्रशस्तीपेक्षा बोलकी ठरते. त्याच शतकात बिशप बेसिल याने आजच्या तुर्कस्तानातील कैसरियाजवळ आजारी आणि निराधारांसाठी मोठी वसाहत उभारली.

पुढे मठांनी आजाऱ्यांची शुश्रूषा आणि पाहुण्यांचा सत्कार हे काम चालवले. पाहुण्याला ख्रिस्त समजून स्वीकारावे, असे बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेला नियम सांगतो. मात्र डीकनचे पद पश्चिमेकडे हळूहळू धर्मगुरुपदाची नुसती पायरी बनले. १५४१ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनने जिनिव्हात गरिबांचा निधी सांभाळणारे आणि आजाऱ्यांकडे पाहणारे असे दोन प्रकारचे डीकन ठरवले. १६३३ मध्ये व्हिन्सेंट द पॉल व लुईझ द मारियाक यांनी ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ सुरू केला. त्यातल्या भगिनी मठाच्या भिंतीआड न राहता वस्तीत, रुग्णांच्या घरी जात. १८३६ मध्ये जर्मनीत कैसर्सव्हर्ट येथे थिओडोर व फ्रीडरिके फ्लीडनर यांनी सेविकांचे प्रशिक्षण सुरू केले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलही तिथे काही काळ शिकली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कॅथलिक चर्चच्या लॅटिन शाखेत कायमस्वरूपी डीकनपदाचा मार्ग पुन्हा खुला केला. विवाहित पुरुषही ते स्वीकारू शकतात. १९९० मध्ये जॉन एन. कॉलिन्स या अभ्यासकाने मूळ शब्दाच्या अर्थावरच प्रश्न उभा केला. प्राचीन ग्रीक वापरात ‘डायकोनोस’ म्हणजे केवळ हलकी कामे करणारा नव्हे. कोणीतरी सोपवलेली कामगिरी घेऊन निघालेला माणूस, असा अर्थ त्याने मांडला. हा अर्थ धरला तर भर नम्रतेवरून धन्यावर सरकतो: सेवकाला ज्याने पाठवले त्याला तो उत्तर देणे लागतो.