येऊरचे बंगले आणि ‘खाजगी वन’ नावाचा गुंता

पावसाळा लागला की ठाण्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर शहराला लागून असलेल्या येऊरच्या डोंगरातल्या बंगल्यांचे फोटो फिरू लागतात. मंगलोरी कौले, ओसरीवर आरामखुर्ची, मागे ढगात बुडालेला डोंगर. खाली एका रात्रीचे भाडे, आणि ‘जुनी वारसा वास्तू, रेनफॉरेस्टच्या कुशीत’ अशी ओळ. यातला रेनफॉरेस्ट हा शब्द चुकीचा आहे. येऊरचे रान मुख्यतः पानगळीचे आहे, साग, ऐन, हेद यांचे. सदाहरित झाडी ओढ्यांच्या घळीत तेवढी टिकून आहे. मार्च-एप्रिलमध्ये डोंगर उघडा पडतो. साधारण आठ वर्षांनी कारवी फुलते तेव्हा (2008, 2016 आणि 2024 मध्ये फुलली) उतारच्या उतार जांभळे होतात. ते एकदा पाहिले की आयता शब्द उसना आणावासा वाटत नाही.

वारशाबद्दल बोलायचे तर साष्टी, म्हणजे ठाणे आणि मुंबईची उपनगरे ज्यावर आहेत ते बेट, 1534 मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी. पुढे इंग्रजांच्या काळात साष्टीतली कितीतरी गावे मोठ्या घराण्यांच्या इस्टेटी झाली. त्या इस्टेटींची महसूल माफी 1951 च्या कायद्याने संपली. बंगल्यांच्या जाहिरातीत या काळाचा उल्लेख असतो, पण पाटोणपाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा यांचा नसतो. ओसरी आणि आरामखुर्ची येण्याआधीपासून हे पाडे इथे आहेत.

खरा गुंता 1950 नंतरचा आहे, आणि तो एका शब्दात आहे: ‘खाजगी वन’.

ऐकताना वाटते की ज्याच्या मालकीचे रान, त्याचे खाजगी वन. कायद्यात झाले उलटेच. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 35 नुसार सरकारला खाजगी रानातली तोड, नांगरट, चराई यांवर बंधने घालता येत. त्याआधी 35(3) खाली मालकाला नोटीस काढून त्याचे म्हणणे ऐकायचे होते. 1950 च्या दशकात मुंबई-ठाणे परिसरात अशा नोटिसा निघाल्या. बऱ्याच ठिकाणी सुनावणी झाली नाही, अंतिम अधिसूचनाही निघाली नाही. कागद कपाटात राहिले.

मग महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायदा आला आणि 30 ऑगस्ट 1975 पासून ‘खाजगी वने’ सरकारजमा झाली. व्याख्येत एक उपकलम असे होते की ज्या जमिनीबाबत 35(3) ची नोटीस निघाली, तीही खाजगी वनच. म्हणजे जमीन खाजगी वन ठरली की त्याच क्षणी ती खाजगी उरत नाही. विधानमंडळाने हा शब्द ठेवायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढची कितीतरी फसगत त्या नावातूनच झाली आहे.

पुढची तीस वर्षे त्याच जमिनींवर परवानगी घेऊन इमारती उभ्या राहिल्या. 2006 च्या सुमारास सातबाऱ्यावर फेरफार होऊ लागले. उताऱ्यात उजव्या बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. मुलुंड-ठाण्यातल्या लोकांना एके दिवशी तिथे ‘राखीव वन’ असे शब्द दिसले. कर्ज थांबले, घर विकणे थांबले. 2008 मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. विक्रोळीच्या जमिनीवरून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 30 जानेवारी 2014 ला तिथे निकाल फिरला: नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावली गेली पाहिजे, आणि पन्नास वर्षे पडून राहिलेल्या नोटिशीवर आज जमीन घेता येणार नाही.

हा निकाल घरे घेतलेल्यांना न्याय देणारा होता, यात शंका नाही. पण त्याचा अर्थ ‘आता येऊर मोकळे’ असा सांगितला जातो, तो खरा नाही. वन संवर्धन कायदा 1980 पासून आहेच. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 1996 च्या आदेशाने शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, त्यालाही तो लागू झाला. डिसेंबर 2016 मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती 100 मीटर ते 4 किलोमीटर रुंदीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. शिवाय 1974 पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही. भाड्याने देण्याच्या बंगल्याखाली कोणाची जमीन आहे, हा पाड्यांवरचा जुना प्रश्न या शेवटच्या कायद्यातून येतो. खाजगी वनाच्या चर्चेत तो नेहमी मागे पडला, कारण त्या चर्चेत वकील लावणारे दोन्ही पक्ष दुसरेच होते.

गेल्या काही वर्षांत भांडण आवाज आणि उजेडावर आले आहे. डीजे, खेळाच्या टर्फवरचे प्रखर दिवे, पहाटेपर्यंत चालणाऱ्या गाड्या. पाड्यांवरच्या लोकांनी तक्रारी केल्या, टर्फचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या वाटेने संध्याकाळी पाहुणे बंगल्यावर चढतात, तीच वाट अंधार पडल्यावर बिबट्या ओलांडतो, आणि पहाटे भाजीचे भारे घेऊन पाड्यावरच्या बाया त्याच वाटेने ठाण्याच्या बाजारात उतरतात.