मिक्सर आणि स्टेजबॉक्स नेटवर्क केबलने जोडताना

डिजिटल मिक्सर आणि स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माइक जिथे लावतात ती पेटी) यांच्यामध्ये आता जाडजूड स्नेक, म्हणजे अनेक तारांची एकत्र केबल, ओढावी लागत नाही. एका बारीक केबलमधून ३२ माइक येतात आणि मॉनिटरचे आउटपुटही त्याच वाटेने परत जातात. म्हणूनच त्या एका केबलकडे आणि ती कुठे लावायची याकडे नीट लक्ष द्यावे लागते.

आधी सॉकेट ओळखा

सॉकेट सारखे दिसले तरी आतली पद्धत सारखी असेलच असे नाही. बेहरिंगर एक्स-३२ आणि मिडास एम-३२ वर 'एईएस-५०' (डिजिटल ऑडिओ पाठवण्याची एक पद्धत) लिहिलेले सॉकेट असते. त्यातून ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) दोन्ही दिशांना ४८-४८ चॅनल जातात. यात तारा इथरनेटच्याच असल्या तरी हा सिग्नल नेटवर्क स्विचमधून (अनेक उपकरणांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीतून) पुढे जात नाही. त्यामुळे मिक्सरपासून स्टेजबॉक्सपर्यंत सलग केबल लावा. याच मिक्सरवर टॅब्लेट किंवा संगणकाने कंट्रोल करण्यासाठी वेगळे इथरनेट सॉकेटही असते. घाईत स्टेजबॉक्सची केबल तिथे लागली तर एकही चॅनल येणार नाही.

डान्ते या ऑडिओ पाठवण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे तसे नाही. ते साध्या संगणकी (आयपी) नेटवर्कवर चालते, त्यामुळे गिगाबिट स्विच वापरता येतो. वायफायवरून मात्र डान्तेचा ऑडिओ पाठवू नका.

केबल

कॅट-५ई किंवा त्यावरची, शुद्ध तांब्याची केबल घ्या. एईएस-५० साठी ती शील्डेडच (तारांभोवती धातूचे आवरण असलेली) हवी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो आणि वारंवार वाकवली की तार तुटते. शंका आली तर तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आत रुपेरी गाभा दिसला तर ती केबल लावू नका.

प्लगची क्लिप आपल्यापासून पलीकडच्या बाजूला आणि तारांची टोके वर धरली की डावीकडून क्रम असा येतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी का, असा प्रश्न पडतो. ३ आणि ६ क्रमांकाच्या पिनांना एकाच पिळाची जोडी लागते, म्हणून. रंग सरळ जोडीजोडीने लावले तरी साध्या टेस्टरवर आठही दिवे लागतात, कारण तो फक्त तार सलग आहे का एवढेच पाहतो. लांब केबलवर मात्र एका जोडीचा सिग्नल दुसरीत शिरतो आणि आवाज तुटतो. पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

शील्ड दोन्ही टोकांना प्लगच्या धातूच्या आवरणाला टेकलेली हवी. ती सुटलेली असली की कोरड्या हवेत कोणी कार्पेटवरून चालत येऊन रॅकला हात लावतो, ठिणगी पडते आणि क्षणभर सगळे चॅनल गप्प होतात.

सलग केबलची कमाल लांबी १०० मीटर. मध्ये जोड असतील तर आम्ही ८० मीटरच्या पुढे जाऊ देत नाही.

क्लॉक

क्लॉक म्हणजे आवाजाचे नमुने कधी घ्यायचे याचा ठेका. तो एकाच उपकरणाचा, बाकी सगळे त्याच्यामागे. दोन उपकरणे आपापल्या क्लॉकवर राहिली तर ठरावीक अंतराने टिकटिक ऐकू येते, आणि ती लेव्हल कमी करून जात नाही. सॅम्पल रेट सगळीकडे एकच ठेवा. डान्तेमध्ये ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झची उपकरणे एकमेकांना चॅनल देत नाहीत.

डान्तेसाठी स्विच

स्विचमधली वीज वाचवणारी 'एनर्जी एफिशिएंट इथरनेट' सोय बंद करा. तिच्यामुळे क्लॉकचे पॅकेट उशिरा पोहोचतात. क्यूओएस (महत्त्वाच्या पॅकेटना आधी वाट देणारी सोय) चालू करून डीएससीपी (पॅकेटवरचा प्राधान्याचा आकडा) ५६ ला सर्वांत वरचा आणि ४६ ला त्याखालचा प्राधान्यक्रम द्या. लेटन्सी (ऑडिओ पोहोचायला लागणारा ठरावीक उशीर) १ मिलिसेकंदवर राहू द्या. गिगाबिट नेटवर्कमध्ये दहा स्विच ओलांडेपर्यंत ती पुरते.

उपकरण 'स्विच्ड' मोडमध्ये (दोन्ही सॉकेट एकाच नेटवर्कचा भाग) असताना प्रायमरी आणि सेकंडरी ही दोन्ही सॉकेट एकाच स्विचला कधीही लावू नका. लूप होऊन, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहून, सगळे नेटवर्कच बसते. दुहेरी मार्ग हवा असेल तर आधी मोड 'रिडंडंट' करा आणि सेकंडरीसाठी वेगळा स्विच घ्या.

आवाज तुटायला लागला तर

सेटिंगला हात लावण्यापूर्वी स्टेजबॉक्स मिक्सरशेजारी आणा आणि २ मीटरच्या चांगल्या केबलने जोडा. दोष गेला तर लांब केबलचे दोन्ही प्लग कापून नवे लावा. राहिला तर आधी क्लॉक तपासा.