उघड्या सागरकिनाऱ्यावरील गृहरचना

उघड्या सागरकिनाऱ्यावरील गृहरचना : टेकडी, झाडी किंवा शेजारच्या इमारतींचा आडोसा नसलेल्या, थेट समुद्राला सामोऱ्या जागेवर आधुनिक घर बांधताना करावयाचा वास्तुरचनेचा विचार. अशी जागा बहुधा समुद्रदर्शनासाठी निवडली जाते. परंतु दर्शन तेथे आपोआप मिळते, आडोसा मात्र रचावा लागतो. म्हणून आराखड्याचा आरंभ मोठ्या खिडकीपासून न करता वर्षभरातील वाऱ्यांच्या दिशा आणि किनाऱ्याची धूप यांच्या निरीक्षणापासून करणे योग्य ठरते. धूप होणाऱ्या किनाऱ्यावर घर मागे सरकवणे हाच खात्रीचा उपाय होय.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. सेकंदाला ५० मी. वेगाचा वारा दर चौ. मी. पृष्ठावर सुमारे १५० किग्रॅ. वजनाइतका दाब देतो. छपराच्या बाबतीत मात्र वर ओढणारे चूषण अधिक घातक असते. कमी उताराच्या छपराच्या कडा आणि कोपरे यांवर ते सर्वाधिक असते आणि वाऱ्याकडील एखादी खिडकी फुटली, तर आत शिरलेला वारा छप्पर खालूनही उचलू लागतो. यासाठी छप्पर, भिंती व पाया एकमेकांना सलग जखडतात आणि लांब वळचणी टाळतात. कॅलिफोर्नियातील सी रँच येथे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ च्या सुमारास उभारलेल्या दहा घरांच्या लाकडी समूहात वळचणी नाहीत. एकाच बाजूला उतरती छपरे वाऱ्याला वर वळवतात आणि मधल्या चौकांना आडोसा मिळतो. केवळ उंच, भरीव भिंत बांधून असा आडोसा साधत नाही, कारण तिच्यावरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करीत खाली येतो. जवळपास निम्मी मोकळीक असलेले कुंपण वा झुडपांची रांग अधिक लांबपर्यंत वारा शांत करते.

खाऱ्या तुषारांचा परिणाम वाऱ्याइतका जाणवत नसला, तरी तो कधी थांबत नाही. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही धातूचा पृष्ठभाग ओलसर राहतो. काँक्रीटमध्ये मिठातील क्लोराइड सळ्यांपर्यंत पोहोचले की त्यांवरील संरक्षक थर मोडतो आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापणारा गंज काँक्रीटला आतून फोडतो. म्हणून तुषारांच्या माऱ्यातील काँक्रीट घट्ट करून सळ्यांवर किमान ५० मिमी. आच्छादन ठेवतात. उघड्या खिळ्यांसाठी व बिजागऱ्यांसाठी मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरतात. ते ॲल्युमिनियमला थेट टेकू दिले, तर ॲल्युमिनियम झिजते. गंज बहुतेकदा सज्जाखालच्या, पावसाने धुतल्या न जाणाऱ्या जागीच आधी लागतो, ही गोष्ट आराखडा करताना सहज नजरेआड होते.

समुद्रावरून परावर्तित होणारा प्रकाशही आवरावा लागतो. डॅनिश वास्तुशिल्पज्ञ यॉर्न उत्सोन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्पेनच्या मायोर्का बेटावरील कड्यावर बांधलेल्या ‘कान लिस’ या स्वतःच्या घरात दगडी भिंतींत खोल कोनाडे ठेवून काचा बाहेरच्या अंगाला बसविल्या. आतून चौकट दिसत नाही आणि डोळे दिपत नाहीत. अशा काचा धुण्यासाठी बाहेरून शिरकाव, गोड्या पाण्याचा नळ आणि सुट्या काढता येतील अशा लाकडी पट्ट्या यांची सोय आराखड्यातच करून ठेवावी लागते.