चिनी-इंग्रजी तांत्रिक अनुवादाचे पदव्युत्तर शिक्षण कुठून आले?

१८५८मध्ये चीनशी झालेल्या त्येनचिन तहात ब्रिटनने एक कलम घालून घेतले: दोन्ही मजकुरांत फरक पडला, तर इंग्रजीच ग्राह्य. आपल्या बाजूला इंग्रजी नीट वाचणारी माणसे नसणे किती महागात पडते, हे चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या छिंग दरबाराला कळून चुकले. १८६२मध्ये पेकिंगला (आजचे बीजिंग) थुंगवन ग्वान ही सरकारी भाषाशाळा निघाली.

पण तांत्रिक अनुवादाची खरी कार्यपद्धती घडली ती शांघायच्या च्यांगनान शस्त्रनिर्माण कारखान्यात. तिथे १८६८मध्ये अनुवाद विभाग सुरू झाला. जॉन फ्रायर हे इंग्रज अनुवादक इंग्रजी ग्रंथ वाचून त्याचा अर्थ चिनीत तोंडी सांगत. शू शोउंसारखे चिनी विद्वान तो लिहून काढत, अडेल तिथे दोघे चर्चा करत आणि शेवटी भाषेवर हात फिरवला जाई. शू स्वतः यंत्रे आणि रसायनशास्त्र जाणणारे होते, त्यामुळे न पटणारे वाक्य तसेच पुढे जात नसे. परिभाषेचाही नियम ठरलेला होता. चिनीत शब्द असेल तर तोच घ्यायचा, नसेल तर नवा घडवायचा आणि यादीत नोंदवायचा. मूलद्रव्याला एकच अक्षर, त्यात एक भाग पदार्थाचा वर्ग दाखवणारा, दुसरा उच्चार सुचवणारा. कॅल्शियमसारखी नावे आजही याच साच्यातली आहेत.

पुढे चीनच्या विद्यापीठांत अनुवाद बराच काळ भाषा-साहित्याच्या छायेत राहिला. संयुक्त राष्ट्रांसाठी अनुवादक तयार करणारा वर्ग १९७९मध्ये बीजिंगला सुरू झाला, हा ठळक अपवाद. स्वतंत्र व्यावसायिक पदव्युत्तर पदवीला जानेवारी २००७मध्ये मंजुरी मिळाली आणि आरंभी १५ विद्यापीठांना ती देण्याची परवानगी होती. लेखी अनुवादाच्या विद्यार्थ्याने किमान दीड लाख चिनी अक्षरांइतका प्रत्यक्ष अनुवाद करावा, ही तिची अट. आमच्या मते अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची अट हीच.

कारण चुका सरावातच उघड्या पडतात. चिनी वाक्यात कर्ता अनेकदा गाळलेला असतो. करारात मात्र भरपाई कोणी द्यायची, हे इंग्रजीत सांगावेच लागते. नामाला वचनाची खूण नसते. पेटंटच्या दाव्यात ‘एक झडप’ की ‘झडपा’ यावर हक्काची व्याप्ती बदलते. आकडे दहा हजार आणि दहा कोटी या टप्प्यांनी मोजले जातात, म्हणून घाईत ३५ कोटींचे साडेतीन कोटी होतात.

च्यांगनानमध्ये दोघांत वाटलेले, भाषा आणि विषय दोन्ही जाणण्याचे हे काम आता एकाच विद्यार्थ्याकडून अपेक्षित आहे. त्यामुळेच अभियांत्रिकी, कायदा अशा इतर शाखांच्या पदवीधरांनीही या पदवीकडे यावे, असे तिचा मार्गदर्शक आराखडा आवर्जून म्हणतो.